‘बारीक चिरलेला’ कांदा चिरला कोणी?

संध्याकाळचे पावणेआठ. ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला. फोनमधल्या ताई हसतमुखानं सांगतायत, “ऑफिसमधून दमून आलात? काळजी नको, फक्त पंधरा मिनिटांत!” पनीरची रस्साभाजी आणि जिरा राईस. मी घड्याळ बघितलं आणि मनात हिशोब केला की आठला जेवायला बसू. प्रत्यक्षात ताटं घेतली तेव्हा सव्वानऊ झाले होते. आठ वर्षांची मुलगी सोफ्यावर झोपून गेली होती, रश्शाला कच्च्या कांद्याचा वास होता आणि सिंकमध्ये अकरा भांडी होती.

बायकोची नोकरी तेव्हा नुकतीच बदलली होती. सोमवार ते शुक्रवार ती रात्री नऊच्या पुढे घरी यायची. तोवर माझी स्वयंपाकघरातली मजल चहा आणि ऑम्लेट एवढीच होती. त्या रात्री मी एक निष्कर्ष काढला, आणि तो मला फार सोयीचा वाटला. पंधरा मिनिटांच्या स्वयंपाकाला ज्याला दीड तास लागतो, त्याचा हा प्रांत नव्हे. ‘मला जमत नाही.’ पुढचे तीन आठवडे आम्ही बाहेरून मागवलं. शनिवार-रविवारी बायको पुढच्या दोन-तीन दिवसांच्या भाज्या करून फ्रीजमध्ये ठेवायला लागली. म्हणजे तिचं काम कमी झालंच नाही, फक्त वार बदलले.

आज सांगतो, मला जमत नव्हतं हे खरं होतं, पण पंधरा मिनिटं हे धडधडीत खोटं होतं. आणि ते निरुपद्रवी खोटं नाही. ‘झटपट’ या शब्दानं नवशिक्या पुरुषाला पळून जायला दार उघडून दिलंय, आणि बाईच्या डोक्यावर एक जादा अपराधीपण ठेवलंय.

ते खोटं कुठं असतं ते बघा. कृतीत नसतं, साहित्याच्या यादीत असतं. ‘दोन कांदे, बारीक चिरलेले. आठ-दहा लसूणपाकळ्या, सोललेल्या. एक वाटी नारळ, खवलेला. मेथीची जुडी, निवडून धुतलेली. चार बटाटे, उकडलेले. एक वाटी मटकी, मोड आलेली.’ शाळेत आपण चिरलेला, सोललेला, खवलेला ही धातुसाधित विशेषणं म्हणून शिकलो. नवशिक्याच्या ओट्यावर ती विशेषणं नसतात, कामं असतात, आणि त्यांचा कर्ता वाक्यातून गायब असतो. कांदा चिरला कोणी? लसूण सोलली कोणी? घड्याळ सुरू होतं ते ‘कढईत तेल तापवा’ इथून. खरं तर त्या क्षणी निम्मं काम उरकलेलं असतं. पुस्तकात ते वाक्याबाहेर उरकलेलं असतं आणि व्हिडिओत कॅमेऱ्याबाहेर. ओळीनं मांडलेल्या काचेच्या सात वाट्या आपोआप भरत नाहीत. आणि त्या सात वाट्या नंतर कोणीतरी घासतंही.

मी माझ्या स्वयंपाकघरात मोबाईलवर वेळ लावून मोजलं. सुरुवातीला दोन मध्यम कांदे बारीक चिरायला मला नऊ मिनिटं लागायची, डोळे पुसण्यासकट. आता पाच लागतात. दहा पाकळ्या लसूण सोलायला सहा मिनिटं. मेथीची एक जुडी निवडून, तीन पाण्यांतून धुवून, चिरून होईपर्यंत अर्धा तास. मेथीच्या भाजीच्या कृतीत मात्र लिहिलेलं असतं, ‘वेळ : १० मिनिटे.’

दुसरं खोटं कांदा परतण्याचं. ‘कांदा तांबूस होईपर्यंत परता, साधारण चार-पाच मिनिटे.’ मध्यम आचेवर दोन कांदे खरोखर तांबूस व्हायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. आधी त्यातलं पाणी जावं लागतं आणि पाणी आहे तोवर रंग येत नाही. याला दुसरा इलाज नाही. आच मोठी केली की कडा करपतात आणि मधला भाग कच्चाच राहतो. माझ्या पनीरच्या रश्शाला जो वास होता तो याचाच. पाच मिनिटं झाली, पुस्तकानं सांगितलं होतं, म्हणून मी टोमॅटो घालून मोकळा झालो. ही लबाडी काही फक्त आपली नाही. २०१२ साली टॉम स्कोका नावाच्या अमेरिकन लेखकानं ‘स्लेट’मध्ये याच मुद्द्यावर एक खरमरीत लेख लिहिला होता. तिकडच्या पाककृती दहा मिनिटांत कांदा खमंग तपकिरी करायला सांगतात आणि प्रत्यक्षात त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, अशी त्याची तक्रार होती. त्याच काळात ब्रिटनमध्ये जेमी ऑलिव्हरचं तीस मिनिटांच्या जेवणाचं पुस्तक आलं, २०१० मध्ये. दोन वर्षांनी पंधरा मिनिटांचं आलं. दोन वर्षांत कांद्याचा स्वभाव बदललेला नव्हता.

आपल्याकडे १९८३ साली दोन मिनिटांची मॅगी आली. दोन मिनिटांत ती कोणाचीच झाली नाही हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. तरी मॅगीचं एक बरं होतं. पाकिटावर जे लिहिलं होतं त्यात कोणी चिरून ठेवलेला कांदा गृहीत धरलेला नव्हता. पाणी, पाकीट, मसाला. तो हिशोब तरी पूर्ण होता.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: “आमच्या हाताला एवढाच वेळ लागतो. सवयीनं होतं.” मान्य. वीस वर्षं रोज कांदा चिरणाऱ्या हाताला तो दीड मिनिटात चिरता येतो. पण मग वरती ‘नवशिक्यांसाठी’ असं लिहू नका. पोहायला शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी स्वतःच्या वेगाचा आकडा सांगत नाही. आणि सवयीच्या हाताचं तरी पूर्ण खरं कुठं असतं? माझी आई म्हणायची, “थांब, पटकन पिठलं टाकते,” आणि खरंच वीस मिनिटांत पानं मांडलेली असायची. पण त्या वीस मिनिटांच्या मागं काय होतं ते मला आत्ता दिसतं. बेसन दळून आणून, चाळून डब्यात भरलेलं असायचं. लसूण दुपारी रेडिओ ऐकता ऐकता सोललेली. मिरच्यांची देठं काढून ठेवलेली. मिसळणाचा डबा कधी रिकामा नसायचा. भाजी निवडण्याला आमच्या घरात काम म्हणत नसत. ते गप्पा मारताना, टीव्ही बघताना होत असे. तिचं ‘पटकन’ म्हणजे दिवसभर पसरलेल्या कामाचं शेवटचं टोक होतं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळवापराचं सर्वेक्षण केलं. जी माणसं घरातलं बिनपगारी काम करतात त्यांच्यापुरतं पाहिलं, तरी बायका तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि पुरुष ९७. त्या २९९ मिनिटांतली किती कांद्याची, किती लसणीची, हे सर्वेक्षण सांगत नाही. पण ज्या मिनिटांना पाककृतीत जागा नाही ती याच आकड्यात कुठंतरी आहेत, एवढं कळायला संख्याशास्त्र लागत नाही.

म्हणून माझा राग फोनमधल्या त्या ताईंवर नाही. त्या बहुतेक वेळा घर सांभाळून व्हिडिओ करणाऱ्या, त्यातून चार पैसे मिळवणाऱ्या बायका आहेत. दुःख एवढंच की त्या स्वतःचेच कष्ट लपवतात. सकाळी उठून निवडलं, चिरलं, वाटलं, मांडलं, आणि मग कॅमेऱ्यासमोर येऊन जगाला सांगितलं की याला काही लागतच नाही. ते ऐकून एखादा नवरा म्हणतो, “पंधरा मिनिटांचं तर काम आहे, एवढं काय दमतेस?” हे वाक्य मी बोललेलो नाही. पण वर्षानुवर्षं मनात तसंच समजत आलो, हे कबूल केलं पाहिजे.

झटपटवाल्यांवर एवढं बोललो म्हणून परंपरावाल्यांनी खूश होऊ नये. त्यांचं खोटं वेगळं आहे. त्याचं नाव ‘अंदाज’.

मी आईला फोन केला. “पिठल्याला बेसन किती घेऊ?”

“अरे, अंदाजानं घे.”

“किती अंदाजानं?”

“तिघांना पुरेल एवढं.”

“आणि पाणी?”

“लागेल तसं. दिसतंच की ते.”

तिला दिसतं, मला दिसत नाही. नवशिक्याला ‘अंदाजानं घाल’ म्हणणं म्हणजे पत्ता विचारणाऱ्याला ‘घर ओळखीचं आहे’ असं सांगणं. शिवाय अंदाजाभोवती आपण फार भक्तिभाव उभा केलाय. हाताची चव, आईच्या हातचं, मापानं केलेला स्वयंपाक म्हणजे स्वयंपाकच नव्हे वगैरे. अंदाज हे माप मोजून मोजून मुरलेलं ज्ञान आहे, जन्मजात देणगी नव्हे. ते देणगी म्हणून सांगितलं की ज्याच्याकडे नाही तो सुटला आणि जिच्याकडे आहे ती कायमची अडकली. “तुझ्या हातालाच चव आहे गं,” हे कौतुक किती घरांत किती वर्षं कामाची वाटणी टाळायला वापरलं गेलंय!

याच्या अगदी उलट काम कमलाबाई ओगल्यांनी केलं. १९७० साली ‘रुचिरा’ आलं ते वाटी आणि चमच्याच्या मापात. ग्रॅम-औंसांचा बाऊ नाही आणि ‘अंदाजे’चा गूढवादही नाही. कोणत्याही घरात असलेली वाटी घ्यायची आणि सगळं तिच्याच हिशोबात. सासर-माहेरपासून लांब, शहरातल्या दोन खोल्यांत संसार थाटणाऱ्या मुलींना विचारायला जवळ कोणी नव्हतं, त्यांना हे पुस्तक उभं करून गेलं. मापात सांगणं म्हणजे समोरच्याला शिकता येईल यावर विश्वास ठेवणं. आजच्या ‘थोडंसं’, ‘जरासं’, ‘आवडीनुसार’वाल्या व्हिडिओंपेक्षा हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचं पुस्तक मला नवशिक्याच्या जास्त जवळचं वाटतं.

आता तिसरा मुद्दा, आणि यावर घराघरांत वाद होतील याची मला कल्पना आहे. रोजच्या रात्रीच्या जेवणाला आपण जे मागतो तेच चुकीचं आहे. पोळी, भाजी, आमटी, भात, डावीकडे कोशिंबीर किंवा चटणी. एक ताट म्हणजे पाच पदार्थ, गॅसच्या शेगड्या दोन, आणि सगळं एका वेळी गरम हवं. सवयीच्या बाईलासुद्धा ही कसरत असते. नवशिक्याला तर अशक्यच. त्यात पोळी! कणीक मळायला दहा मिनिटं, मुरायला पंधरा-वीस, मग आठ पोळ्या लाटून भाजायला नवख्या हाताला अर्धा तास. म्हणजे तासभर झाला आणि ताटात अजून भाजी नाही. स्वयंपाक शिकू बघणारा माणूस बहुतेक वेळा पोळीपाशी मोडतो. वेड्यावाकड्या पोळीचा नकाशा म्हणून फोटो काढला जातो, सगळे हसतात, आणि तो हसत हसत स्वयंपाकघरातून बाहेर पडतो तो कायमचा.

माझं म्हणणं साधं आहे. सोमवार ते शुक्रवार रात्री एक पदार्थ. फार तर दीड. पोळी हवी असेल तर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणावी. तिथं पोळ्या लाटणाऱ्या बाईला तिच्या कामाचे पैसे मिळतात, घरात लाटणारीला ते कधी मिळाले नाहीत. “ज्येष्ठांना रोज ताजी पोळी लागते,” हा आक्षेप मी ऐकलाय. लागत असेल. पण ज्यांना ती लागते त्यांतल्या किती जणांनी कधी कणीक मळली आहे, हेही एकदा विचारून बघा. आणि एका पदार्थात पोषण नाही असं कोणी म्हणू नये. मुगाच्या डाळीच्या खिचडीत तांदूळ आहे, डाळ आहे, मूठभर मटार किंवा गाजर टाकता येतं, वर तूप आणि शेजारी दही. आजारी माणसाला आपण विश्वासानं देतो ते जेवण धडधाकट माणसाला कमी का पडावं?

तीन आठवडे बाहेरचं खाऊन झाल्यावर एका रात्री मुलगी म्हणाली, “बाबा, आज साधं काहीतरी असेल का?” साधं. त्या शब्दानं मी ओट्याकडे वळलो. या वेळी मी पदार्थ निवडायला तीन नियम केले. तांबूस परतलेला कांदा नको. वाटण नको. कणीक नको. ही तीन कामं काढली की मराठी घरातलं निम्मं पाकशास्त्र बाद होतं, पण जे उरतं ते नवख्याच्या हातात बसतं. मग मी पाच पदार्थ ठरवले आणि दोन महिने ते वारांनुसार केले. सोमवारी खिचडी. मंगळवारी पिठलं-भात. बुधवारी मुगाची उसळ आणि आणलेल्या पोळ्या. गुरुवारी तिखटमिठाचा सांजा. शुक्रवारी अंडाभुर्जी आणि पाव. रोज नवी पाककृती करून बघणं हा नवशिक्यासाठी सगळ्यात वाईट सल्ला आहे. पन्नास पदार्थ एकेकदा करून पन्नास वेळा पहिलाच दिवस येतो. आठ मंगळवार पिठलं केलं तेव्हा नवव्या मंगळवारी वाटी न वापरता बेसन घेतलं आणि ते बरोबर निघालं. आईला ‘दिसतं’ म्हणजे काय ते तेव्हा मला दिसलं.

उसळीनं मात्र वेगळा धडा शिकवला. बुधवारी ‘मोड आलेले मूग’ हवेत तर ते सोमवारी रात्री भिजवावे लागतात आणि मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावे लागतात. हाताचं काम पाच मिनिटांचं. पण सोमवारी रात्री झोपताना बुधवारच्या जेवणाची आठवण व्हावी लागते. पहिले तीन आठवडे मी विसरलो. दूध संपत आलंय, कढीपत्ता वाळला, मुगाला मोड यायला उशीर होतोय, हे सतत डोक्यात चालू ठेवणं हेही काम आहे. ते कुठल्या पाककृतीत मिनिटांनी लिहिता येईल असं मला वाटत नाही. पण ते असतं एवढं लिहिता येईल. ‘दोन दिवस आधी आठवण ठेवा’ अशी एक ओळ पुरे.

आणि नुसती टीका करून जाऊ नये म्हणून माझ्या पिठल्याचा हिशोब इथं मांडतो. तिघांसाठी. आधी एक वाटी तांदूळ धुवून दोन वाट्या पाण्यात कुकरला लावा, पाच मिनिटं. कुकर तीन शिट्ट्यांना साधारण बारा मिनिटं घेतो आणि वाफ जायला आणखी दहा, तेवढ्यात पिठलं होतं. पाच पाकळ्या लसूण सोला, दोन मिरच्या आणि एक कांदा चिरा. नवीन हाताला हे दहा मिनिटांचं काम. पाऊण वाटी बेसन अडीच वाट्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, तीन मिनिटं. गरम पाण्यात कालवू नका, गुठळ्या जात नाहीत. कढईत दोन मोठे चमचे तेल तापवा, पाव चमचा मोहरी तडतडू द्या, मग जिरं, हिंग, लसूण, मिरची, पाव चमचा हळद. कांदा टाका आणि तो फक्त पारदर्शक होऊ द्या, चार मिनिटं. कालवलेलं बेसन ओता, चहाचा एक सपाट चमचा मीठ घाला, उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर तळाला धरतं. मग झाकण ठेवून बारीक आचेवर सहा मिनिटं. बेसनाचा कच्चा वास गेला आणि वर चकाकी आली की झालं. कोथिंबीर असेल तर घाला, नसेल तर राहू द्या. भांडी आणि ओटा, दहा मिनिटं.

पिशवीतून कांदा काढल्यापासून ओटा पुसेपर्यंत पहिल्यांदा पाऊण तास धरा. वीस मिनिटं नाही. पंधरा तर नाहीच. पाऊण तास. हा आकडा वाचून कोणी घाबरेल असं मला वाटत नाही. पंधरा मिनिटं सांगून दीड तास लागला की माणूस मोडतो. पाऊण तास सांगितला आणि पन्नास मिनिटांत झालं, तर तो दुसऱ्या दिवशी परत उभा राहतो.

म्हणून पाककृती लिहिणाऱ्या, दाखवणाऱ्या सगळ्यांकडे माझी एवढीच मागणी आहे. घड्याळ कांद्याच्या टोपलीपासून सुरू करा आणि सिंक रिकामं झाल्यावर थांबवा. ‘चिरलेला’ न लिहिता ‘चिरा’ लिहा, आणि पुढं मिनिटं लिहा. तुमच्याकडे चिरून द्यायला मदतीच्या मावशी येत असतील तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तसं सांगा. चिरलेल्या भाजीचं पाकीट आणलं असेल तर त्याची किंमत लिहा. पहिल्या वेळचा वेळ आणि दहाव्या वेळचा वेळ असे दोन आकडे द्या.

बायकोची नोकरी अजून तशीच आहे. शनिवारी ती भाज्या करून ठेवत नाही. काल मंगळवार होता. ती साडेनऊला आली, हात धुवून ताट घेतलं, पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, “मीठ जरा जास्त झालंय रे.” खरंच झालं होतं. चमचा सपाट घ्यायला विसरलो होतो.